बाळ किती शांत आहे!



मागच्या लेखात चातुर्मासातल्या भाज्यांबद्दल लिहिलं होतं आणि पुढच्या वेळी मुगाच्या पापडाचं प्रमाण देईन असं कबूल केलं होतं. पापड थोडे थांबतील. गेल्या आठवड्यात जे झालं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून आधी ते लिहिते.

नात्यातल्या एका सुनेचं बाळंतपण झालं. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात बाळ बघायला गेले. खोलीत पाच-सहा बायका, पेढ्यांचा बॉक्स, आणि मधे दुपट्यात गुंडाळलेलं गोरंपान बाळ गाढ झोपलेलं. प्रत्येक जण एकच वाक्य म्हणत होती. "किती शांत आहे गं बाळ! रडतच नाही. आईला अगदी सुख दिलंय पोरीनं."

मी विचारलं, "टाचेचं रक्त घेतलं का हिचं?"

खोलीत एकदम शांतता. बाळाच्या आजी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी दुधात मिठाचा खडा टाकला. "कशाला? काय झालंय तिला? चांगली तीन किलोची आहे," त्या म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. काहीच झालेलं नव्हतं. मी तरी हे का विचारलं, ते सांगायला मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्या घरात ती बरीच वर्षं कुणी मोठ्यानं बोलत नसे.

माझ्या सासऱ्यांना एक धाकटी बहीण होती. आम्ही सगळे तिला नुसतं आत्या म्हणायचो. मी लग्न होऊन आले तेव्हा आत्या चाळिशीला आलेली, पण उंची दहा वर्षांच्या मुलीएवढी. आवाज घोगरा, कातडी कोरडी, चैत्रातसुद्धा अंगात स्वेटर. बोलणं हळू, चालणं हळू. शाळेत ती दोन वर्षं पहिलीतच बसली आणि मग गेलीच नाही. लग्नाचा विषय कुणी काढला नाही. घरातलं धान्य निवडणं हे तिचं काम. गहू, तूर, मूग, सगळं तिच्या ताटातून जायचं, आणि ते काम ती इतकं मन लावून करायची की धान्यात एखादा जिवंत किडा दिसला तर हातातलं ताट खाली ठेवून, त्याला कागदावर घेऊन परसात सोडून यायची. मगच पुढचं ताट. णमोकार मंत्र तिला पूर्ण येत होता. वीसच्या पुढचे आकडे येत नव्हते.

आणि आमच्या आजेसासूबाई काय सांगायच्या माहीत आहे? "ही लहानपणी इतकी गुणी होती! रडायचीच नाही. दूध पाजायला उठवावं लागायचं."

अंगावर सूज आली म्हणून तिला एकदा मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी थायरॉईड तपासलं. तिची थायरॉईडची ग्रंथी जन्मापासून कामच करत नव्हती. गोळी सुरू झाली. जन्मभराचा बद्धकोष्ठ दोन-तीन महिन्यांत गेला, कातडी मऊ झाली, ती जास्त हसायला लागली. मी डॉक्टरांना विचारलं की आता तिला वाचायला शिकवू का. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, मेंदूला या संप्रेरकाची गरज पहिल्या दिवसापासून असते. हीच गोळी पहिल्या पंधरवड्यात मिळाली असती, तर तुमच्या आत्या कदाचित तुम्हाला शिकवायला आल्या असत्या."

घरी येऊन सासूबाई देवघरात जाऊन बसल्या, ते संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

आत्याच्या वेळी कुणाची चूक नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. ती जन्मली तेव्हा जगात कुठेच अशी तपासणी नव्हती. ही गोष्ट पुढे कशी आली ते मी नंतर मुलीकडून आणि डॉक्टरांकडून समजून घेतलं, आणि ते वाचण्यासारखं आहे. १९३४ साली नॉर्वेत एका आईची दोन्ही मुलं मंदबुद्धी होती, आणि त्यांच्या लघवीला चमत्कारिक वास यायचा. ती बाई वर्षानुवर्षं डॉक्टरांमागे लागली होती की हा वास कसला ते सांगा. शेवटी फोलिंग नावाच्या डॉक्टरांनी तिचं म्हणणं मनावर घेतलं, आणि फिनाइलकीटोन्युरिया या आजाराचा शोध लागला. पुढं अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या सुमारास त्याच आजारासाठी बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब टीपकागदावर घेऊन तपासायची पद्धत बसवली. त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता, आणि नात्यातल्या एका लहान मुलीला हाच आजार निघाला होता. कागदावर वाळलेला थेंब पोस्टानं कुठंही पाठवता येतो, हीच त्यातली खरी युक्ती. १९७०नंतर कॅनडात क्युबेकमध्ये जाँ द्युसो यांनी त्याच वाळलेल्या थेंबातून थायरॉईडही तपासून दाखवलं. म्हणजे मैत्रिणींनो, ही काही परवा निघालेली महागडी नवी फॅशन नाही. पन्नास वर्षं जुनी गोष्ट आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरएवढीच जुनी म्हणा ना!

जन्मजात थायरॉईडची खरी अडचण ही की बाळ जन्मतः दिसायला अगदी ठणठणीत असतं. आईच्या पोटात असताना आईचं थोडं संप्रेरक त्याला मिळालेलं असतं, त्या शिदोरीवर पहिले दिवस निघतात. जी लक्षणं हळूहळू दिसतात, त्या प्रत्येकाला आपल्याकडे घरगुती उत्तर तयार असतं. कावीळ लवकर उतरत नाही, तर कोवळ्या उन्हात धरा. शी होत नाही, तर गुटीत मुरुडशेंग वाढवा. बेंबी फुगलीय, तर वर पट्टी बांधा. दूध ओढत नाही, फार झोपतं, तर गुणी बाळ! या सगळ्याचा एकत्र अर्थ काय होतो, ते कुणाच्या ध्यानात येईपर्यंत दोन-चार महिने गेलेले असतात. आपण चाळीस-पंचेचाळीस दिवस मोजतो, मग बाळाला पहिल्यांदा मंदिरात नेतो, कानात णमोकार म्हणतो. हा आजार आपला हिशोब पाळत नाही. त्याचे दिवस चौदा.

भारतात हजार-अकराशे बाळांमागे साधारण एकाला हा आजार निघतो. हा आकडा ऐकून "म्हणजे फारच थोडे" असं वाटतं. मलाही वाटलं होतं. मग माझ्या स्वतःच्या नातीचा रिपोर्ट आला.

लेकीची परवानगी घेऊन लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी ती बाळंतपणाला माहेरी आली होती. तिसऱ्या दिवशी डिस्चार्जच्या गडबडीत नर्सनं जावईबापूंपुढे तीन कागद धरले. एक नाळेतलं रक्त साठवण्याच्या योजनेचा, एक बाळाच्या फोटोंच्या पॅकेजचा आणि एक टाचेच्या तपासणीचा. तिन्ही एकाच दमात, एकाच सुरात. "ऐच्छिक आहे, नको असेल तर इथे सही करा." जावयांना वाटलं, सगळे पैसे काढायचे धंदे. तिन्हीवर "नको"ची सही करायला त्यांनी पेन काढलंही होतं. मी आत्याबरोबर पंधरा वर्षं काढली नसती, तर मीही मान डोलावली असती. मी तो तिसरा कागद ओढून घेतला.

आणि हे जाता जाता: नाळेतलं रक्त स्वतःच्या बाळासाठी खासगी बँकेत साठवायला काही शास्त्रीय आधार नाही, असं आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनंच सांगितलं आहे. त्याला हजारो रुपये घालणारी घरं मला माहीत आहेत, आणि त्याच घरांत टाचेचा थेंब "उगाच कशाला बाळाला टोचायचं" म्हणून राहून गेला.

सहाव्या दिवशी फोन आला की टीएसएच फार वाढलेलं आहे, बाळाला घेऊन या. सातव्या दिवशी शिरेतलं रक्त घेऊन पुन्हा तपासलं. हे दुसरं तपासणं नेहमी होतं, कारण पहिला रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे, नुसती हाक असते. पुष्कळ बाळांचा दुसरा रिपोर्ट व्यवस्थित येतो. आमच्या बाळाचा आला नाही. नवव्या दिवशी गोळी सुरू झाली. दोन चमच्यांत गोळी चुरायची, आईच्या दुधाच्या चार थेंबांत कालवायची, चमच्यानं पाजायची. लोहाचे किंवा कॅल्शियमचे थेंब त्याच वेळी द्यायचे नाहीत, मधे चार तास ठेवायचे. बस. एवढंच. आत्याच्या अख्ख्या आयुष्याच्या बदल्यात एवढंच करायचं होतं.

आपल्या वाचक बायका एक प्रश्न नक्की विचारणार, म्हणून सांगते. पूर्वी हे औषध जनावरांच्या ग्रंथीपासून काढत. आता दिली जाणारी थायरॉक्सिनची गोळी रसायनशाळेत बनते. आमच्या विहीणबाईंनी हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला, आणि मला तो योग्यच वाटला.

त्यांचं दुसरं वाक्य मात्र मला लागलं. "हे बाहेर कुणाला सांगू नका. मुलीची जात आहे, उद्या स्थळं बघायची आहेत." नऊ दिवसांची पोर! त्यांचाही दोष नाही म्हणा, आपल्या समाजात गोष्टी कशा फिरतात ते त्या जाणून आहेत. पण लपवण्यातून काय होतं बघा. गोळी लपवून द्यावी लागते, मग पाहुणे आले की चुकते, मग प्रवासात चुकते, मग कुणीतरी म्हणतं, "आता चांगली दिसतेय की, बंद करा." ही गोळी आपल्या मनानं बंद करायची नसते. तीन वर्षांनंतर काही मुलांची डॉक्टर स्वतः थांबवून बघतात, की ग्रंथी आता काम करते का. तोपर्यंत मेंदू घडत असतो.

लेकीला तर त्याहून वाईट ऐकावं लागलं. "पोटात असताना काय खाल्लंस? ग्रहणात बाहेर गेली होतीस का?" बहुतेक बाळांत हा आजार ग्रंथी नीट घडली नाही किंवा जागेवर बसली नाही म्हणून होतो. आईनं काही केलं म्हणून नाही, बापानं काही केलं म्हणून नाही. एक गोष्ट मात्र आपल्या स्वयंपाकघराशी संबंधित आहे. व्रतात सैंधव वापरायची सवय पुष्कळ घरांत वर्षभर चालू राहते, आणि सैंधवात साधारणपणे आयोडीन घातलेलं नसतं. गरोदर बाईनं आयोडीनयुक्त मीठ सोडू नये.

त्याच थेंबातून आणखीही आजार कळतात. अॅड्रिनल ग्रंथीचा एक आजार आहे, त्यात बाळाच्या अंगातलं मीठ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झपाट्यानं निघून जातं. उलट्या होतात, बाळ मलूल पडतं, आणि "दूध बाधलं" म्हणेपर्यंत हातचं जातं. मुलग्यांत तो जन्मतः दिसून येत नाही. हा आजार आईबापांकडून एकेक दोष मिळाल्यानं होतो, आणि नात्यातल्या लग्नांत अशा आजारांची शक्यता वाढते. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न अजून होतं, माझ्या माहेरीच दोन आहेत, म्हणून हे जरा जोर देऊन लिहिते. आणखी एक आहे जी-सिक्स-पीडीची कमतरता. त्यातलं एक पथ्य ऐकून मी चाट पडले. ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेली जुनी झबली-दुपटी अशा बाळाला घातली तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ भडकू शकते. आपण किती प्रेमानं मोठ्या भावंडाची झबली जपून ठेवतो, आणि त्यात गोळ्या टाकतो! तपासणी होवो न होवो, बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नका.

आता थोडं अवघड लिहिते. नातीचं कळल्यावर एक वयस्कर बाई भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "असातावेदनीयाचा उदय. भोगून संपवायचा. औषधांनी काय होतं?" मी पंडित नाही, मला शास्त्र फार कळत नाही. पण त्याच बाईंनी दोन्ही गुडघे बदलून घेतले आहेत. तेव्हा कर्म कुठं गेलं होतं? कर्मसिद्धांत मी मानते, रोज मानते. मात्र तो आपल्या स्वतःच्या दुःखात समता ठेवायला आहे. दुसऱ्याच्या, तेही बोलता न येणाऱ्या जिवाच्या दुःखाकडे हात बांधून बघत बसायला नाही. उदय असेल तर पुरुषार्थही आहे, निमित्तही आहे. आणि आपल्या चार दानांत आहार, ज्ञान आणि अभय यांच्याबरोबर औषधदान उगाच सांगितलेलं नाही. ज्या हातांनी आत्या किडा कागदावर घेऊन परसात सोडायची, त्याच आत्यासाठी "भोगून संपव" म्हणणं मला तरी जमणार नाही.

"बाळाला टोचायचं, दुखवायचं" हीही शंका येते. टोचताना बाळ छातीशी घेऊन दूध पाजत राहिलं तर ते फार कमी रडतं. आमच्या नर्सनं तसंच करू दिलं. कान टोचताना आपण कुणी शंका काढत नाही!

तेव्हा ज्यांच्या घरी लेक किंवा सून अवघडलेली आहे, त्यांनी सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा की तुमच्याकडे ही तपासणी होते का. बाळ झाल्यावरच्या गडबडीत कुणालाच सुचत नाही. थेंब शक्यतो ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घ्यायचा. पहिल्या दिवशी टीएसएच सगळ्याच बाळांचं वाढलेलं असतं, त्यामुळे उगाच घाबरगुंडी उडते. लवकर घरी सोडत असतील तर निघताना घ्या, पण घेतल्याशिवाय निघू नका. दिवस भरण्याआधी झालेल्या बाळाला काही आठवड्यांनी पुन्हा बघावं लागतं. पन्नास-पन्नास आजारांची मोठी पॅकेजेस दाखवतात, त्याला काही हजार लागतात. ऐपत असेल आणि डॉक्टर म्हणाले तर करा, नाहीतर मूळचे तीन-चार आजार तरी कराच, त्याचा खर्च बारशाच्या हलवाईच्या बिलापुढे काहीच नाही. त्याच वेळी कानांची तपासणीही मागा. ताट वाजवून बघितलं आणि बाळ दचकलं, ही तपासणी नव्हे. पहिल्या महिन्यात मशीननं बघायचं असतं.

आणि एक अगदी बारीक गोष्ट, जी कुठल्याच पुस्तकात नसते. फॉर्मवर फोन नंबर कुणाचा लिहिता? जावयांचा. ते कामावर, अनोळखी नंबर म्हणून उचलत नाहीत, आणि बाळ-बाळंतीण असतात माहेरी, दुसऱ्या गावात. आमचा पहिला फोन असाच वाया गेला होता. आजीचा नंबर लिहा. आपण सगळे फोन उचलतो, अगदी लोन विकणाऱ्यांचेसुद्धा.

माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. हे "ऐच्छिक" असूच नये. जन्मल्या जन्मल्या बीसीजी आणि पोलिओचे थेंब देताना आपल्याला कुणी "नको असेल तर सही करा" म्हणत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्यात प्रत्येक बाळाचा थेंब घेतात. आपल्या शेजारच्या गोव्यानं २००८ सालीच सरकारी पातळीवर ही तपासणी सुरू करून दाखवली होती. केरळातल्या सरकारी दवाखान्यांतही होते. आपल्याकडे २०१३च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. त्यात जन्मजात दोषांसाठी बाळाला डोक्यापासून पायापर्यंत बघतात, हे चांगलंच काम आहे. पण ज्या आजारात डोक्यापासून पायापर्यंत काहीच दिसत नाही, त्याला रक्ताचा थेंबच लागतो, आणि तो प्रत्येक दवाखान्यात घेतला जातोच असं नाही. शहरात पैसे भरणाऱ्याला मिळतो. ऊसतोडीला आलेल्या बाईच्या बाळाला कोण घेणार?

सरकारनं करावं, जरूर करावं, आपण मागत राहू. तोवर आमच्या महिला मंडळात मी एक सुचवलं आहे. घरात बाळ झालं की आपण आनंदानं मंदिरात काही ना काही देतोच. त्यातला थोडा भाग दुसऱ्या एका, न ओळखणाऱ्या बाळाच्या तपासणीसाठी द्यायचा. आमच्या तालुक्यातल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी यादी सांभाळायचं कबूल केलं आहे. दोन बायकांनी लगेच हो म्हटलं, एकीनं "विचार करून सांगते" म्हटलं. ती हो म्हणेल, मला माहीत आहे. तिच्याकडे डिसेंबरात बाळ येणार आहे.

नात आता दोन वर्षांची आहे. परवा माझ्या शेजारी बसून तुरीच्या ताटात हात घालत होती, निम्मी तूर जमिनीवर. एक, दोन, तीन, पाच असं मोजते, चार तिला आवडत नाही. सासूबाई कोपऱ्यात बसून बघत होत्या. सांडलेली तूर त्यांनी स्वतः उचलली, आणि कुणाला उचलू दिली नाही.

आणि हो, त्या दवाखान्यातल्या बाळाचं. आजी रागावल्या होत्या, पण सुनेनं ऐकलं. सुटी व्हायच्या आधी थेंब घेतला. काल संध्याकाळी आजींचाच फोन आला, रिपोर्ट अगदी व्यवस्थित आहे. "बघा, मी म्हटलं नव्हतं का!" म्हणाल्या. म्हटलं, होय हो, तुमचंच बरोबर. मागून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता, चांगला खणखणीत.

पापडाचं प्रमाण पुढच्या गुरुवारी.